भिंतीवरची जननी

माझे सासरे राममूर्ती एका गोष्टीवर ठाम: रंग कधी जात नाही, त्यावर मळ चढतो. सगळी नोकरी त्यांनी ‘डनस्टन अँड राव’मध्ये चर्चच्या रंगीत काचा घडवण्यात आणि धुण्यात काढली. काचेवरचा रंग भट्टीत भाजलेला असतो. कितीही जुनी काजळी ओल्या फडक्यानं पुसा, खालचं निळं-तांबडं लख्ख उठतं. कंपनी बंद पडली, बाबांचा हट्ट चालूच राहिला.

कंपनीची एक जाहिरात शहराच्या जुन्या जॉर्ज टाउन भागातल्या एका गल्लीत अजून उरली होती. भिंतीवर रंगवलेली रंगीत खिडकी, आणि तिच्यापाशी हिरव्या परकरातली मुलगी. ती जननी, माझी नणंद. बाबांचा डबा घेऊन यायची, म्हणून पेंटरनं तिलाच समोर उभं करून काढलं. पुढच्याच वर्षी ती तापानं गेली. तिचे फोटो आमच्या तांबरमच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा चिखल झाले. तेव्हापासून सासूबाई लोकलनं जाऊन त्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या. दुधाची तहान ताकावर! मी सांगलीहून या दक्षिणेतल्या घरात आलेली, फटकळ. भिंतीशी बोलणारी बाई बघून मला चीड यायची आणि रडूही यायचं.

यंदा मालकानं ती इमारत रंगवायला काढली. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. शेवटी तो म्हणाला, "चित्र नीट दिसत असेल तर सोडतो. उद्या येऊन बघतो."

चित्रावर गल्लीतल्या धुराची काजळी चढली होती, म्हणून आम्ही तिघं सकाळीच गेलो. मी कोपऱ्यावर कॉफी आणायला गेले, तेवढ्यात बाबांनी वॉचमनकडून बादली मिळवली.

"पाणी घाल गो, वेणी," मी परतले तेव्हा ते सासूबाईंना त्यांच्या इकडच्या मराठीत सांगत होते. "काळं गेलं कीं पोरीचं तोंड दिसेल."

सासूबाईंनी तांब्यानं पाणी घातलं. बाबांनी फडकं फिरवलं, अगदी हलक्या हातानं.

पण भिंत म्हणजे काच नव्हे. तो साधा चुन्यातला रंग होता. वर छज्जा होता म्हणून पावसापासून वाचला होता, इतकंच. कपाळ गेलं, मग डोळे ओघळले. बाबांनी फडकं टाकलं आणि ओघळ थांबवायला दोन्ही तळवे चेहऱ्यावर दाबून धरले. बराच वेळ ते तसेच उभे होते. हात काढले तेव्हा चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं.

परतीच्या लोकलमध्ये ते तळवे वर करून बसले होते. तळव्यांवर तिच्या चेहऱ्याचा पिवळा, तांबूस चिखल वाळत होता.

घरी पानं वाढली. बाबा हात धुवायला उठले, मी नळ सोडला. सासूबाईंनी तो बंद केला.

"नका धुवूं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दहीभात कालवला आणि बाबांना आपल्या हातानं भरवला.