बागेतलं लोखंडी दार

बागेची साफसफाई करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी फावडं घेऊन हजर झाले ते जहाजकाका. वय एकोणऐंशी, गुडघे कुरकुरणारे. पण गवत उपटायला बसले की तरण्या पोरांना घाम फोडायचे. नौदलात इंजिनखोलीत वीस वर्षं काढलेली, म्हणून हे नाव. समोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते आणि काकू राहत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी.

बाग तेव्हा नावालाच बाग होती. कधीकाळी तिथे नौदलाची गोदी होती. खाडी बुजली, गोदी हलली, उरलेल्या जागेत कुणीतरी चार बाकं आणि एक घसरगुंडी टाकली आणि सगळे विसरून गेले. फुटक्या बाटल्या, गुडघाभर रान, भटकी कुत्री. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने घरोघर फिरून चाळीस माणसं गोळा केली. सगळे त्यांना बाई म्हणत. शाळा सुटली तरी त्यांच्या हातातली छडी सुटली नव्हती. रविवारी सकाळी सातला जो आला नाही, त्याच्या दाराची बेल सव्वासातला वाजे.

"नुसती रोपं लावून लोक येत नाहीत," बाई म्हणाल्या. "इथे नौदलाचा इतिहास आहे. तो दिसला पाहिजे."

ते काम वाचनालयातल्या ग्रंथपालाकडे आलं. त्याने तीन आठवडे जुनी दप्तरं उपसली आणि एका बुधवारी बाईंच्या घरी बैठकीला कागद घेऊन आला. काकांचा गुडघा सुजला होता, म्हणून त्यांच्याऐवजी काकू गेल्या होत्या.

ग्रंथपाल वाचू लागला. याच गोदीत बांधलेलं एक जहाज खडकावर आदळलं होतं. इंजिनखोलीत पाणी घुसलं. पाणी पुढे पसरू नये म्हणून मधलं लोखंडी दार बंद करायचा हुकूम आला. दार बंद झालं, ऐंशी माणसं वाचली, चौघं आत राहिली. त्याने चौघांची नावं वाचली. तिसऱ्या नावाला काकू ताठ झाल्या.

"हा माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "आमचा बारक्या. पण तो आत नव्हता हो. डेकवरून लाटेने ओढून नेला त्याला."

बाईंनी काकूंचा हात धरला आणि ग्रंथपालाला खूण केली, पुढे वाच. पुढे चौकशीतली जबानी होती, दाराचं चाक फिरवणाऱ्या खलाशाची. 'दार बंद केल्यावर आतून हातोडीने ठोकल्याचा आवाज पाऊण तास येत होता. मला हाक मारत होते. नावाने.' ग्रंथपालाने पान उलटलं, खालचं सही केलेलं नाव वाचायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"वाचा ना," काकू म्हणाल्या.

त्याने कागद त्यांच्यासमोर धरला. ते त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं.

घरी काका पलंगावर पाय लांब करून बसले होते. काकूंनी चपला काढल्या नाहीत.

"बारक्या कुठे मेला?"

काकांनी गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी बाजूला ठेवली. बावन्न वर्षांपूर्वी बारक्याची पेटी घेऊन ते तिच्या दारात उभे राहिले होते. लाटेने नेलं, त्याला कळलंसुद्धा नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. मग दर महिन्याला येत राहिले. दीड वर्षाने लग्न झालं.

"ऐंशी माणसं होती," ते म्हणाले.

"मी एकाचंच विचारतेय."

"आत."

"तुला हाक मारत होता?"

"हो."

"काय म्हणत होता?"

"बाकीचे नावाने. तो भावजी म्हणत होता. आधीपासूनच चिडवायचा मला, त्याच्याकडचा तुझा फोटो बघायचो म्हणून. अगं, उघडलं असतं तर सगळेच..."

"उघडायला हवं होतं असं म्हटलं का मी?" काकू म्हणाल्या. "बंद केलंस ते कळलं मला. पण मग माझ्या घरी आलास कशाला?"

काका रडले. काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन एकाच माणसाचं ताट वाढून घेतलं आणि उभ्याने जेवल्या.

महिन्याभराने बाई आनंदाने धापा टाकत जिना चढून आल्या. जहाज कधीच मोडीत निघालं होतं. पण ते दार, तेच दार, एका भंगारवाल्याच्या आवारात सापडलं होतं. बागेत चौथऱ्यावर चौकटीसकट उभं करायचं. शेजारी फलक: 'ऐंशी प्राण वाचवणारं दार.'

"पण निर्णय तुमचा," बाई काकूंना म्हणाल्या. "बहीण आहात तुम्ही. नको म्हणालात तर विषय संपला."

काका आतल्या खोलीतून भिंतीला धरत बाहेर आले. "बाई, नको. हात जोडतो. नांगर ठेवा, तोफ ठेवा. दार नको."

"मी काकूंना विचारतेय," बाई हळूच म्हणाल्या.

"लावा," काकू म्हणाल्या. "नुसतं शोभेचं नको. चाक फिरलं पाहिजे. ठोकलं तर आवाज आला पाहिजे."

दार लागलं आणि बाग खरोखरच उठली. दिवे आले, हिरवळ आली, म्हातारी माणसं सकाळी फिरू लागली. बाईंचा सत्कार झाला. शाळांच्या सहली येऊ लागल्या. पोरं दोन गट करत. एक गट चाक फिरवून दार लावी, दुसरा पलीकडून दगडाने बडवी. "उघड, उघड!" अशी आरोळी दुसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट येई. काका खिडक्या लावून घेत. काकू उघडत. त्या बोलत नसत, भांडत नसत. औषधं वेळेवर देत, कपडे धुऊन ठेवत, आणि खिडक्या उघडत.

काका दोनदा बाईंकडे गेले. दार झाळून कायमचं बंद करा, निदान चाक तरी काढा, म्हणाले. बाईंनी दोन्ही वेळा काकूंना विचारलं. काकूंनी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली.

आतल्या खोलीतला काकांचा पलंग काकूंनी दिवाणखान्यात, बागेकडच्या खिडकीखाली सरकवला. "उजेड येतो," एवढंच म्हणाल्या.

सुट्टीत मुलगी आली. संध्याकाळी पाच वाजता तिने पाहिलं, बाबांनी कानातलं ऐकू यायचं यंत्र काढून उशीखाली सारलं आणि डोळे मिटले. बाहेर पोरांचा धिंगाणा सुरू झाला होता. आई पदराला हात पुसत आली, उशीखालून यंत्र काढलं, फुंकर मारून स्वच्छ केलं आणि बाबांच्या कानात परत बसवलं. बाबांनी मान वळवली नाही. सवय झाल्यासारखा त्यांनी कान पुढे केला.

"आई, काय करतेस?" मुलगी ओरडली. "बास कर आता. मरतील ते."

"मरतील ना," काकू म्हणाल्या. "उघड्या खिडकीत, अंथरुणात, लेक उशाशी. एवढं कुणाला मिळतं?"

मुलगी बाबांच्या कानाकडे हात नेऊ लागली, तेव्हा काकांनीच तिचं मनगट धरलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "पाऊण तास असतात ती पोरं. मग जातात घरी."