बाबारावच्या लेन्सचं हूड

कोराडीले तेव्हा वीजघराची एवढी राख उडे, का पांढरा कोंबडा सकाळी चरायले गेला तं संध्याकाळी कोंबडी त्याले ओळखत नसे. त्या राखेतच बाबारावनं आपल्या बायकोचा, सुमतीचा, फोटो काढला होता. गच्चीवर, मावळता सूर्य पाठीशी, सुमतीचे डोळे बारीक अन् नाक वर चढलेलं. सारे म्हणत, ऊन लागलं असंल. ऊन पाठीमागं असल्यावर डोळे कायले बारीक होतील, हे कोणी इचारलं नाई.

बाबाराव गेले, लेन्स लेकीकडं, वैभवीकडं आली. सुमती आता पोराकडं पुण्याले कायमची चालली होती. जायच्या आधी तिले त्याच गच्चीवर, त्याच लेन्सनं, तसाच फोटो पाहिजे होता. वैभवीनं जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवली. पण सूर्य समोर आला का फोटोवर ताक सांडल्यावानी पांढरं पसरे. लेन्सच्या तोंडावर ऊन अडवायले काळं नळकांडं लागते, हूड म्हणतात त्याले. बाबारावचं हूड हरवलं होतं, अन् लेन्सवरची काच, फिल्टर, तेही.

लेन्सवर पन्नास लिहिलेलं पाहून वैभवीनं पन्नासचं हूड आणलं. बसेचना. पन्नास हे तोंडाचं माप नाईच, हे दुकानदारानं बिल फाडल्यावर सांगितलं. दुसरं बसलं, पण लांबोडकं. फोटोचे चारही कोपरे काळे, माय विहिरीतून डोकावून राहिल्यावानी. मंग नवऱ्यानं, अमोलनं, शाम्पूची बाटली कापून दिली. तिच्या कडेले वाळला फेस अन् त्यात एक लांब केस चिकटलेला. वैभवीनं ती दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली.

शेवटी ती हुडकेश्वरले मनोहरकाकाकडं गेली. हा बाबारावचा लहाना भाऊ, दोघं सोबतच फिरत. काकाच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, हातात काळा पेला. खर्रा असा, का तो पिचकारी मारे तं समोरचं कडुलिंबाचं झाड सरकून उभं राही. हूड म्हणजे काय ते आपण जन्मात पाहिलं नाई म्हणे, अन् पेल्यात थुकला. लाल तार पेल्यापासून ओठापर्यंत लोंबली, तुटेचना.

वैभवीनं तोंड फिरवता फिरवता पेल्याकडं पाहिलं. बूड काचेचं होतं. काठावर आटे, लेन्सवर फिरवायले असतात तसे.

"काका, हे कुठून आणलं?"

"हे? पिकदानी होय वं. तुह्या बापानंच जुळवली. बूड काचेचं, खालून दिसते किती भरली ते. वहिनीले चोरून गच्चीवर दोघं खात होतो ना आम्ही."

वैभवीनं पेला मोरीत उपडा केला, तं ते घट्ट लाल पडेचना, थरथर करत लटकून राहिलं. तीन पिशव्यांत बांधून ती घरी घेऊन आली. सोडा टाकला, उकळतं पाणी टाकलं, कडुलिंबाच्या काडीनं आटे खरवडले. सुपारीचे तुकडे निघतच होते. मोरीत येणारी मांजर आठवडाभर फिरकली नाई. फिल्टर तं लाल होऊन गेलं होतं, ते फेकलं. हूड मात्र लेन्सवर असं फिरत गेलं, जसं कधी निघालंच नव्हतं.

गच्चीवर सूर्य टेकला. सुमती नवं लुगडं नेसून हसत उभी राहिली. वैभवी श्वास धरून डोळा कॅमेऱ्याले लावून होती, कारण वास काही गेला नव्हता.

सुमतीची नजर हूडावर गेली. हसू थांबलं.

"हे त्या मनोहरजवळ होतं ना?"

"हो. धुतलं मी, माय."

"तुह्या बापानं तं त्या फोटोच्या दिवशी धुतलंही नव्हतं. माह्या डोळ्यासमोर थुका ओतला, बुडाची काच काढली अन् तसंच लावलं."

अन् सुमतीचे डोळे बारीक झाले, नाक वर चढलं. वैभवीनं बटण दाबलं.

कोपरे साफ, ताक नाई, माय हुबेहूब. एवढं पाहून वैभवीनं श्वास घेतला, अन् तोंडावर पदर दाबून गच्चीच्या नळाकडं धावली.