राउंडच्या आधीची फरशी

काल सकाळी सावित्रम्मा वॉर्डच्या बाथरूमच्या दारात पाय घसरून पडल्या. कपाळावर टाके पडले. आज त्यांना डायपर लावला होता, पलंगाचे दोन्ही कठडे वर केले होते आणि मनगटात पिवळा पट्टा होता. पट्ट्याचा अर्थ, हा पेशंट पडू शकतो. पडल्यानंतर तो बांधला होता.

तेव्हापासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या चहासुद्धा घेत नाहीत. डायपर लावून लिंगाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"सिस्टर, तो डायपर काढा," होटगीहून आलेली सून चंद्रिका म्हणाली. "त्यांना साखर आहे. पोटात काही गेलं नाही तर चक्कर येऊन पुन्हा पडतील."

"आजारपणात देव समजून घेतो हो," सिस्टर वैजयंती म्हणाल्या.

"तुम्हाला फोन आला होता का त्याचा?"

शेजारच्या पलंगावर पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या जेऊरच्या दगडाबाई हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत.

"काल बेल दाबायची सोडून उठल्याच कशाला?"

"दाबली की," सावित्रम्मा म्हणाल्या. "राउंड झाल्यावर बघू, म्हणालात."

"अख्ख्या वॉर्डला मी एकटी आहे, आजी."

ते खरं होतं, पण त्यामुळे चंद्रिकाचा राग कमी झाला नाही. मोठ्या डॉक्टरांचा राउंड यायच्या आधी इथे फरशी धुतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. चपला दाराबाहेरच ठेवायचा नियम आहे. म्हणजे फरशी सगळ्यात निसरडी असते त्याच वेळी पेशंट अनवाणी आणि एकटा असतो. डॉक्टर मात्र बूट घालून येतात.

आजही फिनेलचं पाणी पसरलं. वॉर्डबॉयने हाक दिली, "चला, नातेवाईक बाहेर."

बाकीचे गेले. चंद्रिकाने पलंगाचा कठडा खाली केला.

"अत्ती, उतरा."

"ब्याड," सासू कानडीत पुटपुटली. "भांडण नको, चंद्रिका."

"भांडण झालंय. तुम्ही फक्त चाला."

तिने पलंगावरची चादर ओढून फरशीवर टाकली. पायाने चादर पुढे सरकवायची, तेवढी फरशी कोरडी करायची, मग सासूला पाऊल टाकू द्यायचं. दोघी वॉर्डच्या मध्यावर असताना डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांसह आत आले.

"काय चाललंय हे? या पडल्या तर जबाबदारी कोणाची?"

"काल पडल्या तेव्हा कोणाची होती, ते आधी सांगा."

"बाई, हे सगळं त्यांच्या सुरक्षेसाठीच आहे."

"त्यांना बांधून ठेवलंय. पाणी कोण पुसणार, ते कुणी ठरवलं नाही. सरका जरा, त्यांना बाथरूमला जायचंय."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर खाली बघत होत्या. मग डॉक्टर सरकले, आणि त्यांच्यामागचे सगळेही.

बाथरूममध्ये चंद्रिकाने डायपर काढून सासूला अंग धुवायला मदत केली. परत आल्यावर सावित्रम्मा पलंगावर ताठ बसल्या. डाव्या तळहातावर लिंग घेतलं. सुनेने पाणी घातलं. विभूती लावून झाल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा दुधात बुडवला. सुनेला मात्र भरवू दिलं नाही.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "यांना डायपर नको. राउंडला एक माणूस सोबत थांबू दे. या बेडपुरतं."

"आन् आमचं, सायेब?" दगडाबाईंनी विचारलं. "आमी डोकं फोडून घेतल्यावर इचार करनार व्हय?"

डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळले.

चंद्रिका दाराकडे गेली. वॉर्डबॉय आडवा उभा राहिला. त्याच्या खांद्यावरून तिने बाहेर उभ्या असलेल्या दगडाबाईंच्या मुलीला हाक मारली.

"रेश्मा, आत ये. आईपाशी उभी राहा. कुणी बाहेर जा म्हटलं तर जायचं नाही."