उंबरटेकच्या होडीचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण मला खडू लागत नाही आणि कुठल्या भिंतीवर मी टांगलेलाही नाही. मी मोबाईलमध्ये राहतो. माझं खरं नाव मोठं आहे, 'उंबरटेक ग्रामस्थांसाठी ऑनलाइन माहिती'. ते नाव कुणीच घेत नाही. सगळे मला मीनाचा फळा म्हणतात. मी आज रागावलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला गोड गोष्ट ऐकायची असेल त्याने दुसरीकडे जावं.

उंबरटेक नाशिकच्या पश्चिमेला, पेठच्या डोंगरांत, एका धरणाच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात चिखलातून वाट निघते. पावसाळ्यात धरण भरलं की चहूकडे पाणी आणि मध्ये आमची बेचाळीस घरं. मग दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं होडीच्या पलीकडे. मीना बारावीत असताना होडी चुकल्यामुळे तिचा एक पेपर बुडाला. त्याच आठवड्यात शाळेच्या ओट्यावर बसून तिने मला बनवलं, कारण गावात नेटवर्क तेवढ्याच ओट्यावर आणि घाटावर मिळतं.

मी दिसायला साधा होतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं, फोटो एकही नाही. सगळ्यात वर भिकन होडीवाल्याचा नंबर. त्यावर बोट ठेवलं की थेट त्याला फोन लागायचा आणि वीस मिनिटांत तो पलीकडच्या काठावरून यायचा. त्याखाली नर्सताई कोणत्या वारी येणार, रेशन कधी वाटणार, बाजाराची जीप काठावर किती वाजता लागणार, विजेची तार तुटली तर कुणाला सांगायचं. आणि एक ओळ मीना दर सोमवारी स्वतः फोन करून बदलायची. आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे की संपलं आहे, संपलं असेल तर कुठे जायचं.

चार वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, ते खरंच आहे. लोक वाद घालायचे आणि शेवटी म्हणायचे, "फळ्यावर हाय ना? मंग झालं." भिकनचा नंबर कुणी वेगळा लिहून ठेवला नाही, की पाठ केला नाही. फळा असताना कशाला?

मग पलीकडच्या काठावर रिसॉर्ट आलं. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. आमच्या टेकाला ते सुट्टीचं बेट म्हणू लागले. गावातला धनराज तिथे नोकरीला लागला. पोरगा हुशार, बोलायला मिठ्ठास. मीना तेव्हा नाशिकला नर्सिंगला गेली होती. धनराज तिचा चुलतभाऊ. त्याने फोन केला, "मीने, तू लांब राहते, तुझ्याच्यानं व्हत नाय. पासवर्ड मला दे. आपण फळा झ्याक करू." भावाने मागितला, तिने दिला. तिला मी दोष देत नाही. घराची किल्ली भावाकडेच ठेवतात ना.

आणि त्यांनी मला झ्याक केलं! माझ्या डोक्यावर मावळत्या सूर्याचा भलामोठा फोटो चिकटवला. रेशनची ओळ काढली, कारण पाहुण्यांना रेशनशी काय करायचं? इंजेक्शनची ओळ काढली, कारण साप हा शब्द वाचून पाहुणे घाबरतात. भिकनचा नंबर काढून तिथे रिसॉर्टचा टाकला, म्हणजे सगळे फोन एकाच ठिकाणी येतील. रिसॉर्टच्या होडीची वेळ धनराजने बरोबर लिहिली होती, 'शनिवार-रविवार दर तासाला'. पण फोटोवर ती ओळ मावेना, मोबाईलवर तुटू लागली. म्हणून त्याने पहिला शब्द उडवला. उरलं, 'होडी दर तासाला'.

मित्रांनो, मला हात असते तर मी ती ओळ खरवडून काढली असती. ज्यांनी चार वर्षं माझ्यावर विश्वास ठेवला त्यांच्याशी मला खोटं बोलायला लावलं आणि वर मला सुंदर म्हटलं!

गावाने हा बदल पाहिला, पण त्या आठवड्यांत कुणाला होडीची घाई पडली नव्हती. म्हातारे म्हणाले, आता होडी वाढली, चांगलं झालं.

श्रावणातल्या एका मंगळवारी भागीबाई भाताच्या खाचरात निंदत होती. सकाळचे दहा वाजले असतील. तिच्या डाव्या हाताला घोणस चावली. नवऱ्याने, देवरामने तिला खाटेवर घातलं आणि चौघांनी उचलून घाटावर आणलं. सून पूजाने मला उघडलं.

"मामा, होडी हाय अकराला. दर तासाला लिवलंय."

"फळ्यावर हाय?"

"हां, फळ्यावरच."

"मंग येल," देवराम म्हणाला आणि बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

तो निवांत बसला, मित्रांनो. माझ्या शब्दावर बसला. मला ते विसरता येत नाही.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. पाण्यावर काहीच नाही. भागीबाईचा हात कोपरापर्यंत सुजला होता. पूजाने माझ्यावरचा नंबर दाबला. सूर्यास्ताच्या सफरीसाठी एक दाबा, तंबूतल्या मुक्कामासाठी दोन दाबा. मग गाणं वाजलं. मग एक मुलगी म्हणाली, "होडी शनिवारी आहे, मॅडम. किती जण आहात?"

"आवो, सासूला घोणस चावली हो!"

मुलगी म्हणाली, "मी सरांना विचारते." आणि पुन्हा गाणं.

आता सगळे भिकनचा नंबर शोधू लागले. कुणाकडेच नव्हता. मीनाचाही फोन लागेना. शेवटी देवराम मासे धरायच्या थर्माकोलच्या तराफ्यावर पालथा पडला आणि हाताने पाणी मारत पलीकडे गेला. भिकन घरीच होता, जाळं विणत. होडी परत यायला साडेबारा वाजले. आरोग्य केंद्रात पोचल्यावर कळलं, इंजेक्शन संपलं आहे, नाशिकला जा. हे सांगणारी ओळ माझ्यावर होती हो! पाहुणे घाबरू नयेत म्हणून पुसली होती.

भागीबाई वाचली. अठरा दिवस दवाखान्यात होती. डाव्या हाताची दोन बोटं कापावी लागली.

ती परत आली आणि पुढच्या मंगळवारी शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा बसली. मीनाही आली होती. तिला रडू आवरत नव्हतं. धनराज उभा राहिला. "चूक झाली, मान्य. पण काकी, मुद्दाम नाय केली. आन् फळा बघायला आता हजारो लोकं येत्यात, गावाचं नाव व्हतंय."

भागीबाईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "होडीचं काय लिवलंय? मोठ्यानं वाच."

धनराजने मोबाईल काढला. इतक्या दिवसांत त्याने मला हातही लावला नव्हता. "होडी दर तासाला," तो हळूच म्हणाला.

"चल घाटावर. सगळे चला. बसू, होडी येईस्तोवर."

"काकी, आज मंगळवार..."

"त्या दिशीबी मंगळवारच व्हता."

अख्खी ग्रामसभा घाटावर जाऊन बसली. बारीक पाऊस होता. कुणी उठलं नाही. एक तास तसाच गेला. पाण्यावर काही आलं नाही. धनराजच्या हातात मी उघडाच होतो, सूर्याचा फोटो डोक्यावर घेऊन.

तास भरला तेव्हा त्याने माझ्यावर लिहायला घेतलं. फोटो काढला. खोटी ओळ काढली. मीनाला विचारून भिकनचा नंबर वर घातला, इंजेक्शनची ओळ घातली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांचं काम होतं, मित्रांनो, आणि त्यासाठी भागीबाईची दोन बोटं जावी लागली.

"झालं, काकी."

"आन् दर सोमवारी फोन कोन करनार?"

धनराजने मीनाकडे पाहिलं.

"तूच करशील. आन् मला येऊन वाचून दाखवशील."

माझ्यासारखे फळे आता प्रत्येक गावाच्या खिशात आहेत. बनवणारे टाळ्या घेतात आणि निघून जातात. मित्रांनो, फळा बनवलात तर तो रोज खरा ठेवा. ते जमत नसेल तर सरळ पुसून टाका. कोऱ्या फळ्यापुढे माणूस निदान दुसरी वाट शोधतो.

धनराज आता दर सोमवारी येतो. शाळेच्या ओट्यावर मला उघडतो, मग भागीबाईच्या ओट्यावर बसून वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचतो. वाचताना तो तिच्या हाताकडे बघत नाही. ती तो हात मुद्दाम त्याच्यासमोर ठेवते.