उबुडचे हायलाइट्स

"फिफ्टीन मिनिट्स मॅक्स हं, सुलू! जस्ट हायलाइट्स. नंतर जेवण आहे, लोकांना भूक लागलेली असते," सीमाने बजावलं.

सीमा लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. मी आणि माझा नवरा अतुल आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये बालीतल्या उबुड नावाच्या गावी तीन आठवडे राहून आलो, हे कळल्यापासून ती हात धुऊन मागे लागली होती. २००८चा पाडवा नेमका रविवारी आला, हॉल मिळाला आणि मी सापडले.

बोलायची मला हौस नाही असं मी म्हणणार नाही. मंडळात माइक हातात घ्यायची वेळ आली की माझंच नाव निघतं. लोक हसले की मला आणखी सुचतं. आणि इतकी वर्षं या हसण्याचा कच्चा माल अतुलने पुरवला. त्याचं रवंथ केल्यासारखं जेवणं, त्याचं हरवणारं पाकीट, सेलमध्ये आणलेले दोन्ही डाव्या पायाचे बूट. तो पहिल्या रांगेत बसून मंद हसायचा. मला वाटायचं, त्यालाही मजा येते.

जानेवारीत तो घर सोडून क्रॉयडनला एका मित्राच्या वरच्या खोलीत राहायला गेला. आदळआपट नाही, काही नाही. "मी घरात काही बोलायला लागलो की तू प्रेक्षक शोधतेस," एवढंच म्हणाला. पिनरच्या आमच्या घरून ऑफिस लांब पडतं, असं आम्ही देवला सांगितलं. देव, आमचा मुलगा, लीड्सला शिकतो. त्याने फार चौकशी केली नाही. मंडळात तर कुणाला पत्ताच नव्हता.

बालीचे फोटो अतुलच्या लॅपटॉपवर होते म्हणून मी त्याला फोन केला. खरं सांगायचं तर फोटो हे निमित्त होतं. मला तो घरी परत हवा होता आणि ते कसं म्हणायचं हे मला येत नव्हतं.

एप्रिल उजाडला तरी पाडव्याच्या सकाळी चक्क बर्फ पडला. हॉलबाहेर बायका पैठणीवर पफर जॅकेट चढवून, निऱ्या वर धरून चालल्या होत्या. अतुल कार पार्कच्या कोपऱ्यात माझी वाट बघत उभा होता. बारीक झाला होता.

"सुलू, उद्या मला एका फ्लॅटच्या लीजवर सही करायची आहे," तो म्हणाला. "नाही केली तरी चालेल."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला काय हवंय ते सांग. सरळ सांग. जोक न करता."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात "अतुलराव, प्रोजेक्टर ऑनच होत नाहीये!" करत सीमा धावत आली आणि त्याला ओढत आत घेऊन गेली.

मग मी ठरवलं, जे सांगायचं ते स्टेजवरून सांगायचं. माझी तीच एक जागा आहे.

अतुल एकेक फोटो पुढे सरकवत होता. माझा चष्मा पळवून झाडावर बसलेलं माकड आलं तेव्हा हॉल खदखदून हसला. पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आली. राजवाड्याच्या अंगणातला नाच आला. रोज सकाळी घरमालकीण पानाच्या इवल्या द्रोणात फुलं आणि चिमूटभर भात घालून उंबऱ्याशी ठेवायची, ते आलं. पहिल्या आठवड्यात मी तिथेही घड्याळ बघत होते, आज काय बघायचं म्हणून अतुलचा जीव खात होते. हळूहळू ते सुटलं. दुपारी शेजारच्या पडवीत वाद्यांची तालीम चालायची, आम्ही ऐकत पडून राहायचो.

मग राक्षसांच्या अवाढव्य पुतळ्यांच्या मिरवणुकीचा फोटो आला. तो शेवटचा होता.

"याच्या दुसऱ्या दिवसाचा फोटो नाही," मी म्हणाले. "तो त्यांचा पाडवा. त्यांचंही वर्ष शकाचंच, आपल्यासारखं. पण त्या दिवशी तिथे कुणी बोलत नाही, दिवा लावत नाही, घराबाहेर पडत नाही. विमानतळसुद्धा बंद. आम्हीही दिवसभर एक अक्षर बोललो नाही."

घरी आमच्यात अबोला पुष्कळदा व्हायचा. अबोल्यात मी त्याची चाहूलसुद्धा टाळायचे. त्या दिवशी मात्र तो पडवीतून आत गेला तरी मी त्याची पावलं ऐकत होते. संध्याकाळी मिट्ट काळोख झाला. त्याने पपनस सोललं आणि चाचपत माझा हात शोधून एकेक फोड तळव्यावर ठेवली. आमच्या संसारातला इतका सुखाचा दिवस मला दुसरा आठवत नाही. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं: तसा दिवस मला परत हवा आहे, अतुल.

"वहिनी दिवसभर गप्प?" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "अतुलराव, कुठल्या एजंटकडून बुकिंग केलंत?"

हॉलमध्ये हशा पिकला. अतुल हसला नाही. लॅपटॉपवरून मान वर करून तो माझ्याकडे बघत होता, मी अजून काही बोलेन म्हणून.

आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अहो, विचारू नका! हा दुसऱ्या दिवशी घरमालकिणीला विचारत होता, हा सण दर आठवड्याला करता येईल का?"

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. टाळ्या थांबेनात. सीमाने डोळे पुसत माझ्या हातून माइक घेतला.

मी खाली आले तेव्हा अतुल वायर गुंडाळत होता.

"छान झालं," तो म्हणाला. टोमणा नव्हता, टोमणे त्याला कधी जमलेच नाहीत.

"अतुल, मला ते म्हणायचं नव्हतं."

"माहीत आहे." त्याने बॅगेची चेन लावली. "उद्या सही करतो मी."

तेवढ्यात माणसांचा गराडा पडला. काय जोडी आहे, नेक्स्ट इयर दोघांनीच अँकरिंग करायचं, वगैरे. "अतुलराव, जेवून जा की!" कुणीतरी म्हणालं. "ट्रेन आहे," तो म्हणाला. आमची गाडी बाहेर उभी असताना, पानं मांडलेली असताना त्याला कुठली ट्रेन गाठायची आहे, हे कुणी विचारलं नाही.

मला धावत जाऊन त्याचा कोट धरायचा होता. सगळ्यांसमोर रडायचं होतं. पण सीमाने माझ्या हातात श्रीखंडाचं पातेलं दिलं आणि मी वाढायला लागले. काचेच्या दारातून तो रस्ता ओलांडताना दिसत होता.

"सुलक्षणा वहिनी, अतुलरावांवरचा अजून एक होऊन जाऊ दे!" पंगतीतून आवाज आला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितला.