निळे डोके, किरमिजी पोट

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर माझे डोके धडापासून वेगळे करण्यात आले. त्यासाठी कोमट पाण्याचा एक थेंब पुरला. मानेभोवतीचा जुना डिंक विरघळला आणि डोके पांढऱ्या कागदावर घरंगळले. हे काम करणाऱ्या बाईंनी चिमटा खाली ठेवला.

मित्रांनो, घाबरू नका. मला दुखले नाही. मी एक जुनी कोकीळमाशी आहे आणि मला मरून कितीतरी वर्षे झाली आहेत.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, हे तुम्ही ऐकले असेल. आमचेही तसेच. कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, पिलासाठी त्यात शिदोरी भरते आणि तिची पाठ वळली की आमची आई हळूच आत अंडे घालते. मी अशीच परक्या घरात, परक्या शिदोरीवर वाढले. यात मिरवण्यासारखे काही नाही, पण आमची जात अशीच जगते. कुंभारणीने पकडले तर आम्ही अंगाची गोळी करून पडून राहतो. आमच्यापाशी मिरवण्यासारखा असतो तो रंग. माझी पाठ हिरवी आणि पोट किरमिजी. हा रंग असा की मेल्यावरही उतरत नाही.

ते मातीचे घर एका न्हाणीघराच्या खिडकीच्या चौकटीला चिकटलेले होते. त्या घरातले वडील याच संग्रहालयात कीटकांचे अभ्यासक होते. त्यांची थोरली मुलगी एका जागी बसत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. मी बाहेर पडून पंख वाळवत होते, तेवढ्यात तिने माझ्यावर काचेचा पेला उपडा घातला. पेल्याच्या काठाने माझ्या उजव्या पंखाचे टोक कापले गेले.

"बाबा, हिरा सापडलाय. उडतो पण."

"हिरा चावत नाही ना, ते बघ आधी," वडील दाढी करता करता म्हणाले.

औषधाच्या बाटलीत मी झोपी गेले ती कायमची. वडिलांनी टाचणी धरली आणि भिंगरीने ती माझ्या पाठीतून हलक्या हाताने खाली दाबली. टाचणीवर चिठ्ठी लागली. मी संग्रहालयाच्या खणात गेले. सुट्टीच्या दिवशी भिंगरी यायची, खण उघडायची आणि इतर माशांना सांगायची, "ही माझी आहे, हिला त्रास द्यायचा नाही."

पुढे भिंगरीला ताप आला. तो उतरला नाही.

वडिलांनी त्या खणाला कुलूप लावले. डांबरगोळ्या संपल्या, कोणी नव्या घातल्या नाहीत. संग्रहालयांना खाणारा एक बारीक भुंगा असतो, त्याच्या अळ्या आत शिरल्या. त्यांनी माझे डोके आतून पोखरून त्याचा भुगा केला. शेजारच्या टाचणीवर एका वीटभट्टीच्या भिंतीवरून आणलेली दुसरी कोकीळमाशी होती. तिचे धड गळून फुटले आणि डोके तेवढे शाबूत राहिले. ते गडद निळे होते.

वर्षभराने वडिलांनी कुलूप काढले, तेव्हा त्यांना बिनडोक्याची मी दिसले आणि माझ्या पायाशी पडलेले एक डोके दिसले. माणूस दुसरे काय समजणार? त्यांनी डिंकाचा थेंब घेतला आणि ते डोके मला लावले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि भिंग टेबलावर तसेच पडले होते.

मग मला नीट पाहताना ते थबकले. हिरवी पाठ आणि किरमिजी पोट असलेली माशी शंभर वर्षांपासून सगळ्यांना माहीत होती, पण तिचे डोके हिरवे. निळ्या डोक्याची कोणी पाहिली नव्हती. म्हणजे ही नवी जात. त्यांनी तिला भिंगरीच्या शाळेतल्या नावाला लॅटिन शेपूट जोडून नाव दिले आणि ते छापून आले. माझ्या टाचणीवर लाल कडेची चिठ्ठी चढली. अशी चिठ्ठी ज्याच्या टाचणीवर असते तो त्या नावाचा मूळ नमुना. जगात कुठेही शंका आली तर शेवटचा शब्द त्याचा.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. परगावचे अभ्यासक यायचे, श्वास रोखून पाहायचे. मात्र माझ्यासारखी दुसरी कोणालाच सापडेना. ज्याला निळे डोके दिसले त्याने आपल्या माशीला भिंगरीचे नाव दिले. ज्याला किरमिजी पोट दिसले त्यानेही तेच दिले. एका नावाखाली दोन वेगळ्या माशा खणोखणी जाऊन बसल्या. पुढे लोक कंटाळले. माझ्यावर धूळ बसली.

ज्या बाईंनी मंगळवारी माझे डोके काढले, त्या भिंगरीची धाकटी बहीण. ताई गेली तेव्हा त्या पाळण्यात होत्या. ताईला त्यांनी फोटोत पाहिले आणि माझ्या चिठ्ठीवर वाचले. वडिलांच्याच टेबलावर त्या आता काम करतात. हा गोंधळ निस्तरायचा म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या संग्रहालयांतून या नावाच्या माशा मागवल्या. खोकी उघडली तर एका गटात डोकेही हिरवे आणि पोट किरमिजी, दुसऱ्यात डोके निळे आणि पोटही निळे. निळे डोके आणि किरमिजी पोट एकत्र कुठेच नव्हते.

नमुन्यांचे फोटो काढणारे काका पडद्यावर मला मोठी करून पाहत होते. "मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले, "पण पासपोर्टचा फोटो एकीचा आणि सामान दुसरीचं, असं वाटतंय. हिच्या डोक्यावरचे खळगे बारीक आहेत आणि पाठीवरचे चांगले ठसठशीत. आणि मानेला ही पिवळी कॉलर कसली?"

"डिंक आहे," बाई म्हणाल्या. त्यानंतर काकांनी विनोद केला नाही.

नियम असा आहे की, मूळ नमुना जोडलेला निघाला तर त्यातला एक भाग ठेवायचा आणि दुसरा वगळायचा. कोणता ठेवायचा, ते जो ही जोड उघडकीस आणतो त्याने कारणे देऊन ठरवायचे. नाव धडाकडे ठेवले तर ते बुडते, कारण माझ्या जातीला त्याहून शंभर वर्षे जुने नाव आहे आणि जुने नाव चालते. डोक्याकडे ठेवले तर ते टिकते, कारण निळ्या माशीला स्वतःचे नाव अजून कोणी दिलेलेच नाही. आणि एकदा बुडालेले नाव त्या घराण्यातल्या दुसऱ्या माशीला देता येत नाही.

टाचणी मात्र माझ्या धडात आहे. चिठ्ठीवरची खिडकी माझी आहे. भिंगरीने पकडले ते मला.

शुक्रवारी दुपारी वडील काठी टेकत आले. आता त्यांना भिंगातूनही नीट दिसत नाही. खुर्चीत बसता बसता त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "भिंगरी कशी आहे?" हा प्रश्न ते माझ्याबद्दल विचारतात.

बाईंनी सगळे सांगितले, शांतपणे आणि एकही पायरी न गाळता.

"उजवा पंख कापलेला आहे ना?" शेवटी वडिलांनी विचारले.

"हो बाबा."

"म्हणजे धड तिचंच."

"धड ताईचं. डोकं शेजारच्या रिकाम्या टाचणीवरचं, वीटभट्टीवरचं."

"मी तुम्हा सगळ्यांना काय शिकवलं? आधी भिंग, मग बोलणं." ते हसल्यासारखे झाले. "आणि स्वतः भिंग हातात घेतलं नाही."

"बाबा, तुम्ही सांगाल तसं लिहीन."

"मला नको विचारूस, बाळ. मी तिचा बाप आहे."

"मग मी कोण आहे?"

त्यांनी टेबलावर चाचपडत माझी पेटी शोधली आणि ते तिच्या काचेवर तळहात ठेवून बसले. थोड्या वेळाने बाईंनी त्यांना लिफ्टपर्यंत सोडले.

मित्रांनो, इतकी वर्षे मी ज्या डोळ्यांनी जग पाहिले ते माझे नव्हते. तरी त्यांनी मला भिंगरीचे नाव मिळवून दिले, म्हणून मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. ती निळी माशी वीटभट्ट्यांच्या ज्या भिंतींवर राहते त्या आता पाडल्या जात आहेत, असे बाई काकांना सांगत होत्या. तिला स्वतःचे नाव नाही, मग ती संपली तर कोण संपले म्हणून लिहिणार? तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. खण उघडत जा, डांबरगोळ्या बदलत जा. आणि तुटलेले काही जोडायला बसाल तेव्हा आधी डोळे पुसून घ्या.

आज सोमवार. माझे धड टाचणीवर आहे आणि डोके शेजारच्या काचेच्या कुपीत. लाल कडेची चिठ्ठी दोघांच्या मधे कागदावर पडून आहे. बाईंच्या लेखातले शेवटचे वाक्य 'या नावाचा मूळ नमुना म्हणून यापुढे' इथपर्यंत लिहिलेले आहे.