गिरणीतल्या डब्यात सरिताचा ट्रक

मित्रांनो, फोन आला तेव्हा माझी एक बाजू उघडी होती. रविंद्र जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि माझ्या पाठीला चिकटवलेलं फडकं ओल्या बोटांनी सोलून काढत होता. फोन त्याच्या मेव्हण्याचा होता. रविंद्र "बोल" म्हणाला आणि ऐकत राहिला. पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. सरिता, म्हणजे त्याची बायको, भाच्याच्या बारशाला मुरबाडकडे माहेरी गेली होती. पाळण्याची दोरी हातात असतानाच ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

रविंद्रने फोन ठेवला. उरलेलं फडकं सोलून काढलं. माझी पाठ कोरड्या कापडाने पुसली आणि मग चपला घालून तो गेला. लोक नंतर त्यावरही बोलले, की बायको गेल्याचं कळलं आणि हा डबा पुसत बसला. बोलू देत. जाताना तिने सांगून ठेवलेलं काम होतं ते. ते अर्धं टाकून तो तिच्याकडे गेला नाही.

मी कॉम्प्युटरचा लोखंडी डबा. कॅबिनेट म्हणतात मला, पण आमच्या शेणवे गावात सगळे डबाच म्हणायचे. मी दिसायला चांगला नाही. मला काच नाही, रंगीत दिवे नाहीत. एका कोपऱ्याला पोचा आहे आणि खाली गंज आहे. हे मी लाजून सांगत नाही. जे आहे ते आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. पत्रा दाबला, भोकं पाडली, काळा रंग मारला, एवढंच झालं असणार. मला कळायला लागलं ते शेणव्याच्या भाताच्या गिरणीत. तिथे मालकाच्या टेबलाखाली मी उभा असायचो आणि माझ्या पोटातला कॉम्प्युटर गिऱ्हाइकांची बिलं करायचा. रविंद्र त्याच गिरणीत मशीनवर कामाला. भात भरडलं की कोंडा उडतो, तो सगळा माझ्या पोटात जायचा. सुरुवातीला मालक मला फुंकून साफ करायचा, "आमचा कॉम्प्युटर" म्हणून लोकांना दाखवायचा. पुढे फुंकणं थांबलं. कोंड्याने माझ्या आतला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती पाटी, जळाली. मालकाने आतलं सामान भंगारात दिलं. मला रविंद्र घरी घेऊन आला.

सरिताने मला बघितलं आणि म्हणाली, "बरा आहे. कोंबडी बसवू."

तर मित्रांनो, काही काळ मी खुराडं होतो. माझ्यात गवत होतं आणि गवतावर एक तांबडी कोंबडी अंडी उबवायची. तुम्ही हसा खुशाल. माझ्यातून पिल्लं बाहेर आली आहेत. काच आणि दिवे असलेल्या डब्यांपैकी किती जणांना असं म्हणता येईल?

सरिताला गाडी चालवायचा नाद होता. शेतात ती ट्रॅक्टर चालवायची, पण रस्त्यावर घेतला की चार लोक हसायचे. मग ती फोनवर ट्रक चालवायचा गेम खेळायला लागली. भाकऱ्या झाल्या, भांडी झाली, की ओट्यावर बसून ट्रक. फोन तापायचा, गेम अडकायचा, वळणावर ट्रक दरीत जायचा. एक दिवस ती रविंद्रला म्हणाली, "अवो, आपण गेमचा कॉम्प्युटर घेऊ. माझ्या भाताच्या आवणीच्या मजुरीत बसेल तेवढाच."

रविंद्रची थोरली बहीण चंदाक्का शेजारच्याच घरात राहते. तिने ते ऐकलं. "पोर नाय, बाळ नाय, आन गेमचा कॉम्प्युटर? खेळणार कोण?"

"मी," सरिता म्हणाली.

"या वयात?"

"पोरं असती तर त्यांनी मला हात तरी लावू दिला असता का, वन्सं? आता कसं, सगळा टाइम माझा."

चंदाक्का पुटपुटत निघून गेली. सरिताने कोंबडीला उठवलं, मला धुतलं, उन्हात वाळवलं आणि मांडीवर घेऊन रविंद्रच्या मोटरसायकलवर मागे बसली. आम्ही मुरबाडला पंकजच्या दुकानात गेलो. पंकज तिच्या माहेरच्या गावचा, म्हणून तिला आत्या म्हणायचा. त्याने माझ्या आत बोट घातलं आणि एक पीस बाहेर काढलं.

"आत्या, ह्यात काय होतं?"

"कोंबडी. चल, आता कॉम्प्युटर भर."

पंकजने आधी नवा डबा दाखवला. एका बाजूला काच, पुढे तीन पंखे, पंख्यांत निळे तांबडे दिवे. मी तिथे काउंटरवर गप्प उभा होतो. सरिताने त्या डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा नसला तर काय अडेल?"

"अडणार काय नाय. दिसतं भारी."

"मग ऱ्हाऊ दे. माझ्याकडे डबा आहे."

मित्रांनो, त्या वाक्यावर मी अजून उभा आहे.

प्रत्येक भागाला तिने तोच प्रश्न विचारला. हा नसला तर काय अडेल? प्रोसेसर नसला तर सगळंच अडेल, म्हणून प्रोसेसर घेतला, आणि तो असा घेतला की चित्र दाखवायची थोडी ताकद त्याच्या आतच असेल. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं भराभर काढणारा महागडा भाग, नंतर घेता येणार होता. भात विकलं की घेऊ, असं ठरलं. मोठी डिस्क नाही घेतली, छोटी पण चपळ घेतली. पडदा जुनाच घेतला. रॅम एक मोठी घेण्यापेक्षा दोन छोट्या घे, जोडीने कामाला वेग येतो, असं पंकजने सांगितलं. "बैलांसारखं," ती म्हणाली, आणि ते तिला लगेच पटलं.

पॉवर सप्लायवर मात्र तिचं चुकत होतं. वीज आत घेऊन सगळ्यांना वाटून देणारा तो भाग. तिला त्यातला स्वस्त हवा होता.

"आत्या, इथं कंजूषी नको," पंकज म्हणाला. "तुमच्याकडे गिरणी चालू झाली की दिवे मिणमिणतात. हा भाग गेला तर बाकीच्यांना घेऊन जाईल."

ती रविंद्रकडे बघायला लागली. रविंद्र म्हणाला, "खरं आहे त्याचं." मग तिने चांगला घेतला आणि घरी येईपर्यंत दोघांवर रुसून होती.

माझं चालू करायचं बटण गंजून बसलं होतं. पंकजने शेजारच्या छोट्या बटणाची वायर त्याला जोडली. आजही मला चालू करायचं असेल तर ते छोटंच बटण दाबावं लागतं. नवीन माणूस मोठं बटण दाबत बसतो आणि म्हणतो, बंद पडलाय. मी बंद पडलेला नसतो.

आता एक चूक सांगतो. ती आमच्याकडेच होऊ शकते.

गिरणीत कोंड्याने माझं काय झालं हे सरिताला माहीत होतं. शिवाय घरात मुंग्या. आता भात वर्षभर टिकवायचं तर आमच्याकडे काय करतात? कणगी शेणाने लिंपतात, एक फट ठेवत नाहीत, आत निरगुडीचा पाला घालतात, म्हणजे कीड लागत नाही. सरिताने मला तसंच बंद केलं. पिठाची खळ केली, जुन्या लुगड्याचे तुकडे केले आणि माझं एकूण एक भोक चिकटवून टाकलं. तळाशी निरगुडीचा पाला घातला. मग गेम लावला. ट्रक निघाला, घाटाला लागला, आणि मी तापून बंद पडलो. परत लावला, परत बंद. पुन्हा मोटरसायकल, पुन्हा मुरबाड.

पंकजने मला उघडलं. आत वाळलेला पाला बघून तो स्टुलावर बसला आणि हसत राहिला.

"आत्या, ह्याला श्वास लागतो गो."

"भातालाही जीव असतो. ते नाय ऱ्हात कणगीत वर्षभर?"

"भात घाट चढत नाय."

रविंद्रला हसू आवरेना. सरिताने त्याच्या पाठीत एक दिली, मग स्वतःच हसली. पंकजने पुढची फडकी काढून दिली आणि सांगितलं, मागची घरी भिजवून काढा, त्या जागी मच्छरदाणीचं कापड लावा, म्हणजे वारा जाईल आणि कचरा अडेल. दुसऱ्या दिवशी ती बारशाला गेली. जाताना दारातून म्हणाली, "मागची फडकी काढून ठेवा, अवो." त्यानंतरचं तुम्हाला सांगून झालं आहे.

सुतकात मी तसाच उघडा पडून होतो. घरात माणसं येत होती. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवला. चंदाक्का मला माळ्यावर टाका म्हणाली, पण टाकायला कुणाला वेळ नव्हता.

दहाव्याला सगळे नदीवर जाऊन आले. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजतात. मग नातेवाईक एकेक गोष्ट कबूल करत बसतात. सरिताच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवलं आणि आलाच. चंदाक्का घरी आल्यावर सगळ्यांना तेच सांगत होती.

"भाग्याची बाई. काय अडकलं नाय तिचं. रविंद्रा, आता तो डबा देऊन टाक पंकजला. तिची इच्छा राह्यली असती तर कावळा आला असता का?"

रविंद्र भिंतीला टेकून बसला होता. डोकं भादरलेलं होतं. तो म्हणाला, "आक्का, कावळ्याला काय म्हाईत ग्राफिक्स कार्ड?"

एका पाहुण्याला ठसका लागला. चंदाक्काने रविंद्रकडे रागाने बघितलं.

"चेष्टा करतोस काय?"

"चेष्टा नाय. तिची इच्छा संपली असेल. माझी नाय संपली."

"तुझी? तू कधी खेळलास रे गेम?"

"नाय खेळलो. आता खेळेन."

"वर्ष व्हायचंय अजून. वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणत नाय."

"जुनं आणीन, वापरलेलं."

"बायको गेली त्याची, आन म्हणे गेम," ती पाहुण्यांकडे वळून म्हणाली. "लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे," रविंद्र म्हणाला. "नवं परवडलं असतं तर नवंच आणलं असतं, वर्षाच्या आत. जुनं आणतोय ते लोकांना भिऊन नाय."

मग कुणीतरी माझ्यावरचा चहाचा कप उचलला.

भात विकल्यावर रविंद्रने मला मोटरसायकलवर मागे दोरीने बांधलं. गाव म्हणालं, विकायला चालला. पंकजने वापरलेलं ग्राफिक्स कार्ड बघून ठेवलं होतं. कुणीतरी मोठं घेतलं म्हणून हे विकलं होतं. पंकजने ते चालवून दाखवलं आणि मग माझ्यात बसवायला गेला. बसेना. माझ्यात पुढच्या बाजूला जुन्या डिस्क ठेवायचा लोखंडी पिंजरा होता. कार्ड त्याला आपटत होतं.

पंकज म्हणाला, "मामा, डबाच बदलू. एक साधा आहे माझ्याकडे. पैसे पण नका देऊ. आत्याच्या नावाने घ्या."

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, झालं. आता परत कोंबडी. आणि ती कोंबडीही आता दुसरीकडे बसायला लागली होती.

रविंद्र म्हणाला, "डबा तिने निवडलाय."

"तिने नवा नको म्हटलं होतं, मामा. हा तर फुकट आहे."

"पंकज, आतलं सगळं काढ बाहेर. आन लोखंड कापायची करवत दे."

त्याने मला दुकानाच्या पायरीवर आडवा केला, पायाने दाबला आणि तो पिंजरा कापून काढला. वेळ लागला. हात कापला त्याचा. रस्त्यावरची माणसं थांबून बघून गेली. कुणी विचारलं, "काय करता?" तो म्हणाला, "जागा." पत्र्याला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं असतं तरी मी त्याला थांब म्हणालो नसतो. लोखंडाचा कीस झटकून, पुसून पंकजने सगळं परत भरलं. कार्ड बसलं. छोटं बटण दाबलं आणि मी चालू झालो.

तेव्हापासून गिरणीतून आला, हातपाय धुतले, की रविंद्र माझ्यासमोर बसतो. चंदाक्का दारातून डोकावते आणि "घे, बसला बाबा गाडीत" म्हणते. तिचा राग गेलेला नाही, पण भाजीची वाटी ती माझ्यावर नाही, शेजारच्या स्टुलावर ठेवते. महिन्यातून एकदा रविंद्र माझी बाजू उघडतो, रंगाच्या ब्रशने धूळ काढतो, मच्छरदाणीचं कापड धुऊन परत लावतो.

मित्रांनो, तुम्हीही कधी कॉम्प्युटर बांधाल. पैसे कमी असतील तर लाजू नका. हा नसला तर काय अडेल, असं प्रत्येक भागाला विचारा. विजेच्या भागात कंजूषी करू नका. डब्याला श्वास घेऊ द्या. जुन्या वस्तूला फेकण्याआधी एकदा आतून बघा, तिच्यात जागा करता येते. आणि एखादं माणूस तुम्हाला चुकीच्या वयात किंवा चुकीच्या दिवसात खेळताना दिसलं, तर त्याला कारण विचारू नका. त्याला खेळू द्या.

रविंद्र आता बरा चालवतो. घाटात अडखळत नाही. पण माल पोचवायच्या जागी ट्रक मागे घेऊन लावायचा असतो, ते त्याला जमत नाही. सरिता ट्रॅक्टरची ट्रॉली एका झटक्यात मागे घ्यायची. हा डावीकडे वळवतो आणि मागचा भाग उजवीकडे जातो. गेम दर वेळी त्याला विचारतो, हे सोडून पुढे जायचं का? तो नाही म्हणतो. पहिलाच माल आहे, अजून उतरलेला नाही.